सुस्टेन, ग्रिम्सेल आणि फुर्का : एका दिवसातील तीन खिंडींची फेरी कोणत्या दिशेने करावी?

वाटसरू :

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही स्वित्झर्लंडला जात आहोत आणि तेथे दोन रात्री आंडरमाट गावात मुक्काम करणार आहोत. त्यांच्या मधला संपूर्ण दिवस फुर्का, ग्रिम्सेल आणि सुस्टेन या तीन खिंडींच्या वर्तुळाकार फेरीसाठी राखून ठेवला आहे. भाड्याने घेतलेली ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी मी चालवणार असून तीत पत्नी आणि माझे आईवडील असतील. मेहुणे मोटारसायकल भाड्याने घेऊन आमच्यासोबत येणार आहेत. घाटात गाडी चालवण्याची मला पुरेशी सवय आहे, परंतु ती सगळी डाव्या बाजूने चालवण्याची आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूने घाट उतरण्याची वेळ पहिल्यांदाच येणार आहे.

नकाशावर ही फेरी सुमारे १२० किलोमीटरची दिसते. एवढ्या अंतराला पूर्ण दिवस कशाला हवा, असे मेहुण्यांचे म्हणणे असून गोटहार्ड आणि नुफेनेन या आणखी दोन खिंडी त्याच दिवसात बसवाव्यात असा त्यांचा आग्रह आहे. मला तो पटत नाही, पण नेमके कारण सांगता येत नाही. शिवाय आंडरमाटहून निघताना आधी फुर्का चढावी की उत्तरेला उतरून सुस्टेनपासून सुरुवात करावी, हेही ठरत नाही. या रस्त्यांवर स्वतः गाडी चालवलेल्या सभासदांनी दिशा, वेळ आणि विशेषतः उतारावरील ब्रेकचा वापर यांविषयी सविस्तर लिहिले, तर फार उपयोग होईल.

उत्तरवाट :

आपला संशय रास्त आहे. या फेरीत किलोमीटर मोजण्यापेक्षा उंची मोजावी, म्हणजे दिवस कुठे खर्च होतो ते लगेच कळते. आंडरमाट सुमारे १,४४० मीटर उंचीवर आहे. तेथून उत्तरेला वासेनपर्यंत रस्ता ९३० मीटरच्या आसपासच्या उंचीवर उतरतो, सुस्टेनला २,२२४ मीटरवर चढतो, पलीकडे इनरटकिर्खेनला थेट ६२५ मीटरपर्यंत खाली येतो, पुन्हा ग्रिम्सेलच्या २,१६४ मीटरवर जातो, ग्लेचला १,७५९ मीटरवर उतरतो आणि शेवटी फुर्काच्या २,४२९ मीटरवर चढून आंडरमाटला परततो. सगळे चढ एकत्र केले तर साडेतीन हजार मीटर भरतात, आणि जेवढे चढायचे तेवढेच उतरायचेही असते. हा सगळा प्रवास हेअरपिन वळणांतून होत असल्यामुळे, न थांबता गेलात तरी तीन तासांच्या आसपास वेळ लागतो. थांबत गेलात, आणि थांबायलाच हवे, तर सकाळी निघून संध्याकाळी परत येणे हाच योग्य हिशेब ठरतो. त्यात आणखी दोन खिंडी कोंबल्या, तर तिसऱ्या खिंडीनंतर चालकाचे डोळे रस्त्यावरच खिळलेले राहतात आणि डोंगर पाहायचे राहून जातात. नुफेनेन २,४७८ मीटरवर आहे आणि ती सुंदरही आहे, पण तिच्यासाठी वेगळा दिवस द्यावा.

दिशेविषयी माझे मत असे की आधी सुस्टेन करावी. त्याचे कारण सुस्टेनच्या रस्त्याच्या इतिहासात आहे. फुर्काचा घाटरस्ता १८६० च्या दशकातला आहे आणि ग्रिम्सेलचा १८९० च्या दशकातला. दोन्ही घोडागाड्यांच्या काळात आखले गेले आणि पुढे मोटारींसाठी टप्प्याटप्प्याने रुंद केले गेले. सुस्टेनचा रस्ता मात्र १९३८ ते १९४५ या काळात बांधून १९४६ मध्ये खुला झाला, आणि तो पहिल्यापासून मोटारींसाठीच आखलेला आहे. त्यामुळे त्याची वळणे ऐसपैस आहेत, चढ एकसारखा आहे आणि समोरून येणारे वाहन बऱ्यापैकी लांबून दिसते. ज्याला उजव्या बाजूची सवय करून घ्यायची आहे, त्याच्यासाठी सरावाला याहून चांगला रस्ता नाही. माथ्यावर सुमारे तीनशे मीटरचा बोगदा आहे. तो ओलांडून बर्न कँटनमध्ये उतरू लागलात, की डाव्या हाताला श्टाइनग्लेचर ही हिमनदी आणि तिच्या पायथ्याचे सरोवर दिसते. घाईत पुढे जाऊ नये अशी ही जागा आहे, तेव्हा तिथे गाडी लावून पायी थोडे फिरावे.

वासेनकडे उतरताना वाटेत शोलेनेनची घळ लागते. रॉइस नदीने ग्रॅनाइट कापून तयार केलेली ही चिंचोळी दरी आणि तिच्यावरचा डेव्हिल्स ब्रिज पाहायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. १७९९ मध्ये सुव्होरोव्हच्या रशियन सैन्याने येथेच फ्रेंचांशी झुंज देत वाट काढली होती आणि त्याचे स्मारक कड्यात कोरलेले आहे.

ग्रिम्सेलचा स्वभाव सुस्टेनहून अगदी वेगळा आहे. तिथे हिरवळ कमी आणि हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले करडे ग्रॅनाइटचे खडक अधिक दिसतात. रस्त्यालगत धरणांचे जलाशय एकापाठोपाठ एक येतात. त्यांतील ग्रिम्सेल सरोवराचे १९३२ चे जुने धरण झिजल्यामुळे त्याच्या पुढ्यातच नवे धरण उभारण्याचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. पाण्याचा दुधी हिरवा रंग हिमनदीने दळून आणलेल्या खडकाच्या पिठाचा आहे. माथ्यावर टोटेनझे नावाचे लहान तळे आहे. वडिलांना भूगोलाची आवड असेल, तर त्यांना आवर्जून सांगा की फुर्का आणि ग्रिम्सेल या दोन्ही खिंडी युरोपच्या मुख्य जलविभाजकावर आहेत. एका बाजूचे पाणी ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला जाते, तर दुसऱ्या बाजूचे ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला मिळते.

दरीकाठ :

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु दिशेबाबत माझे मत उलट आहे आणि त्याचे कारण फुर्काच्या पूर्व बाजूचा रस्ता हे आहे. पूर्व पायथ्याच्या रेआल्प गावाहून माथ्यापर्यंतचा हा रस्ता दरीच्या उत्तरेकडील उतारावरून जातो. वाहतूक उजवीकडून असल्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे ग्लेचहून आंडरमाटकडे येताना आपली गाडी दरीच्या काठाने चालते. तेथे रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की मधली पांढरी रेषाही आखलेली नाही, आणि काठाला अनेक ठिकाणी अंतराअंतरावर उभारलेल्या दगडी खुंट्यांचाच काय तो आधार आहे. दिवसाच्या अखेरीस थकलेल्या चालकाने, पहिल्यांदाच उजव्या बाजूने चालवत असताना, मागे वयस्कर आईवडील बसलेले असताना हा काठ पत्करू नये असे मला वाटते. सकाळी ताजेतवाने असताना आंडरमाटहून फुर्का चढलात, तर तोच रस्ता डोंगराला लागून पार होतो आणि दरीकडची बाजू समोरून येणाऱ्यांच्या वाट्याला जाते.

उन्हाचाही विचार करावा. सप्टेंबरअखेर सूर्य कलता असतो आणि वळणावर तो थेट डोळ्यांत आला, तर क्षणभर काहीच दिसत नाही. सकाळी फुर्कावरून पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीशी असते. दुपारी ग्रिम्सेलवरून उत्तरेकडे उतरताना ते पाठीशीच राहते, आणि संध्याकाळकडे सुस्टेनवरून पूर्वेला येतानाही पाठीशीच. इतकी सोयीची मांडणी या फेरीत दुसऱ्या दिशेने मिळत नाही, कारण तिकडून भर दुपारी ग्रिम्सेल चढताना तोंड दक्षिणेला असते.

आणि एक दृश्य असे आहे, जे या दिशेनेच पूर्ण पाहायला मिळते. फुर्काचा माथा ओलांडून बंद पडलेल्या बेल्व्हेडेर हॉटेलच्या वळणाशी आलात, की खाली ग्लेचचे खोरे, समोरच्या भिंतीवर चढणारी ग्रिम्सेलची नागमोडी वळणे आणि उजवीकडे ऱ्होन हिमनदी असे सगळे एका नजरेत येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या हिमनदीची जीभ खाली ग्लेचच्या तळापर्यंत पोहोचत होती. आज ती कड्याच्या वर सरकली आहे आणि तिच्यापुढे वितळलेल्या पाण्याचे सरोवर साचले आहे. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात तिच्या काठावरच्या बर्फावर पांढरे कापड अंथरून ठेवलेले असे, जेणेकरून ते सावकाश वितळावे. ते पाहून मन विषण्ण होते, पण तेथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या मुलांना ही हिमनदी अशी दिसणार नाही.

उत्तरवाट :

दरीकाठ यांचा काठाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. माझी एकच शंका सकाळच्या थंडीविषयी आहे. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे आंडरमाटला सकाळी ५ अंश असतील, तर फुर्काच्या माथ्यावर पारा शून्याखालीही असू शकतो. अशा वेळी सावलीतल्या वळणावर रात्रीच्या ओलाव्याचा पातळ बर्फ झालेला असतो आणि तो डांबरावर दिसत नाही. म्हणून असे सुचवतो : रात्र कोरडी गेली असेल आणि माथ्यावर तापमान शून्याच्या बरेच वर असेल, तर फुर्का आधी करावी. तसे नसेल तर सुस्टेनकडून निघावे, म्हणजे फुर्कावर पोहोचेपर्यंत दुपार झालेली असेल. माथ्यावरचे वेबकॅमेरे न्याहारीच्या वेळी पाहिले की निर्णय सोपा होतो.

यंत्रवेध :

दिशा कोणतीही घ्या, या फेरीतला सर्वांत मोठा उतार इनरटकिर्खेनकडेच आहे, मग तो ग्रिम्सेलवरून असो वा सुस्टेनवरून. उंचीतला फरक दीड हजार मीटरहून अधिक आहे. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,८०० किलो मानले, तर एवढी उंची उतरताना सुमारे २७ दशलक्ष जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण ८० लिटर थंड पाणी उकळीला येईल. तिचा काही भाग हवेचा रोध आणि टायरांचे घर्षण घेतात, पण उरलेली सगळी उष्णता एक तर इंजिनाने शोषायची असते किंवा ब्रेकच्या चकत्यांनी. ती कोणाकडे सोपवायची हे चालक ठरवतो.

ऑटोमॅटिक गाडीचे चालक नेमके येथे फसतात, कारण 'डी'मध्ये गाडी उतारावर मोकळी धावते आणि पाय नकळत ब्रेकवर टेकलेला राहतो. सतत हलका दाबलेला ब्रेक हा सर्वांत वाईट, कारण चकत्यांना थंड होण्याची उसंतच मिळत नाही. पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड घटते. त्याहून गंभीर म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि ओलावा मुरल्यावर तोच १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीपर्यंत गेले तरी गाडी थांबत नाही.

म्हणून माथ्यावरून निघण्याआधीच गिअर खालचा घ्यावा, उतार सुरू झाल्यानंतर नव्हे. भाड्याच्या गाडीत गिअरचा दांडा 'एम'कडे सरकवून किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी दुसरा वा तिसरा गिअर धरून ठेवता येतो. काही गाड्यांत त्यासाठी 'एल' असते आणि हायब्रिडमध्ये 'बी'. गाडी ताब्यात घेताना ही सोय कुठे आहे ते वाहनतळावरच विचारून घ्यावे. पाय दोन्ही पेडलांवरून काढल्यावर वेग स्थिर राहील, तो गिअर त्या उतारासाठी बरोबर समजावा. इंजिनाचा आवाज चढतो, त्याने घाबरू नये. वळणाच्या आधी ब्रेक ठामपणे दाबून वेग हवा तेवढा कमी करावा आणि मग पाय पूर्णपणे उचलावा. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागू लागले, तर रुंद जागी थांबून अर्धा तास जाऊ द्यावा आणि चकत्यांवर पाणी ओतू नये, कारण तापलेले लोखंड अचानक थंड झाले तर वाकडे होऊ शकते किंवा तडकू शकते.

चढावर गाडी थोडी आळशी वाटेल, तो बिघाड नव्हे. फुर्काच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्यामुळे जवळपास त्याच प्रमाणात घटते. ओव्हरटेक करताना हा हिशेब लक्षात असू द्यावा.

वाटसरू :

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गोटहार्ड आणि नुफेनेन यांचा विषय आमच्या घरात आता मिटला आहे. दोन शंका मात्र उरल्या आहेत. अरुंद जागी समोरून पिवळी पोस्टबस आली, तर मागे कोणी सरायचे? आणि आईला वळणांचा त्रास होतो, तर फेरी मध्येच सोडून परतण्याचा एखादा मार्ग आहे का? मेहुण्यांसाठी मोटारसायकलविषयी कोणी लिहिले तर तेही हवे आहे.

वाऱ्यावरची स्वार :

बसविषयीचा नियम तेथे स्पष्ट आहे. निळ्या पाटीवर पिवळे पोस्टाचे शिंग रंगवलेले दिसले, की तो डोंगरी पोस्टमार्ग समजावा. तेथे बसला अग्रक्रम असतो आणि बसचालक हाताने जी खूण करील ती पाळणे बंधनकारक असते. आंधळ्या वळणांआधी बस तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकू आला की वळणात शिरू नये. वळणाच्या अलीकडे जिथे जागा असेल तिथे कडेला थांबावे, कारण लांब बसला हेअरपिन घेताना दोन्ही मार्गिका लागतात. इतर वाहनांच्या बाबतीत उतरणाऱ्याने वेळीच थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते, आणि दोघांनाही जाता येत नसेल, तर सामान्यतः उतरणाऱ्यानेच मागे घ्यायचे असते. त्यामुळे उतरताना मागे कुठे रुंद जागा गेली, याकडे आपले लक्ष असू द्या.

आता आपल्या मेहुण्यांसाठी. डावीकडून चालवण्याची सवय असलेल्या मोटारसायकलस्वाराला येथे डावे वळण फसवते. उजव्या बाजूने जाताना डाव्या वळणात आपण मध्यरेषेच्या बाजूला झुकतो, आणि चाके आपल्या मार्गिकेत असली तरी डोके आणि खांदा रेषा ओलांडून समोरच्याच्या वाटेत जातात. रेषेपासून चांगले अंतर ठेवूनच असे वळण घ्यावे. उजवे हेअरपिन वळण चढताना त्याच्या आतल्या बाजूचा चढ फार तीव्र असतो. तिथे पहिला गिअर आधीच टाकलेला असावा, क्लच अर्धवट दाबून इंजिन मरू देऊ नये, मागचा ब्रेक हलका धरून गाडी स्थिर ठेवावी आणि नजर वळणाच्या पलीकडच्या टोकाकडे असावी. नजर काठावर गेली की गाडीही तिकडेच जाते. डांबरातल्या भेगा बुजवण्यासाठी ओतलेले काळे पट्टे ओले असताना अतिशय निसरडे होतात. ते आडवे ओलांडावेत, त्यांच्यावर झुकून राहू नये. सुस्टेनच्या बोगद्यात लखलखीत उन्हातून एकदम अंधारात शिरावे लागते, तेव्हा हेल्मेटची गडद काच आधीच वर करावी. आणि जाड हातमोजे सोबत हवेतच, कारण गारठलेली बोटे ब्रेकवर उशिरा पोहोचतात.

गाडी आणि मोटारसायकल यांनी एकमेकांना चिकटून चालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पुढची थांबण्याची जागा ठरवावी आणि प्रत्येकाने आपापल्या वेगाने तिथे पोहोचावे. मागे राहिलेला माणूस गाठण्याच्या घाईत आपल्या कुवतीबाहेरचे वळण घेतो, तेव्हा अपघात होतो.

दरीकाठ :

आईंना पुढच्या आसनावर बसवा, काच थोडी उघडी ठेवा आणि त्यांना दूरच्या शिखराकडे पाहायला सांगा. चालकाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हळुवार वापरले, तर निम्मा त्रास तिथेच टळतो. कानांना दडे बसतील, घोट गिळत राहिले की ते सुटतात. आईवडिलांपैकी कोणाला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

परतीचा मार्ग आहे आणि तो फुर्का आधी केल्यास अधिक सोयीचा पडतो. ग्लेचला पोहोचल्यावर पुढे जाणे नको वाटले, तर ग्रिम्सेलकडे न वळता खाली ओबरवाल्डला उतरावे. तेथून मोटारी वाहून नेणारी रेल्वे १९८२ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १५.४ किलोमीटरच्या बोगद्यातून रेआल्पला आणून सोडते, आणि रेआल्पहून आंडरमाट जवळच आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात माथ्यावर हिमवृष्टी होऊन खिंड अचानक बंद होण्याचीही शक्यता असते, तेव्हाही हीच रेल्वे कामी येते. मात्र ग्रिम्सेल ओलांडून इनरटकिर्खेनला उतरलात, की आंडरमाटला परतण्याचा जवळचा रस्ता सुस्टेनच उरतो आणि ती बंद असेल तर फार लांबचा वळसा पडतो. म्हणून ग्लेचच्या चौकात थांबून सुस्टेन उघडी आहे की नाही, हे त्याच क्षणी पुन्हा एकदा पाहून घ्यावे आणि इंधनाची टाकी आंडरमाटहून निघतानाच भरलेली असावी.